तीन वर्तुळे आणि एक वर्ग

शाळेत एखादे नवे साधन आले की त्याच्या पाठोपाठ शिक्षकांचे प्रशिक्षण येते. साधन कोणतेही असो, या प्रशिक्षणाचा साचा फारसा बदलत नाही. यंत्र सुरू कसे करावे, कोणती कळ कशासाठी आहे, चित्र दिसेनासे झाले तर काय करावे, धूळ आणि पावसाळी ओल यांपासून ते कसे जपावे, एवढे सांगून होते. शेवटच्या तासाला ‘आता याचा अध्यापनात प्रभावी वापर करा’ असे सुचवले जाते आणि उपस्थितीपत्रकावर सह्या होतात. ‘प्रभावी’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्या शेवटच्या तासात मावत नाही.

आपल्या देशापुरते पाहिले तरी हा इतिहास पन्नास वर्षांचा आहे. १९७५-७६ साली ‘साइट’ या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगात सुमारे २,४०० खेड्यांत संच बसवले गेले. १९८४ साली ‘क्लास’ प्रकल्पातून काही निवडक शाळांत बीबीसी मायक्रो जातीचे संगणक आले. २००४ साली ‘एज्युसॅट’ अवकाशात गेला. २०१५ नंतर महाराष्ट्रातील कित्येक जिल्हा परिषद शाळा गावकऱ्यांच्या वर्गणीतून ‘डिजिटल’ झाल्या, आणि २०२० च्या टाळेबंदीत तर घरातला एकुलता एक फोन हीच शाळा झाली. अमेरिकेतही याहून वेगळे घडलेले नाही. लॅरी क्यूबन या अभ्यासकाने १९८६ सालच्या ‘टीचर्स अँड मशीन्स’ या पुस्तकात चित्रपट, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांची तिथल्या वर्गांतील कथा सांगितली आहे. आधी मोठमोठ्या घोषणा होतात, मग साधनाचा तुरळक वापर होतो, मग ‘शिक्षकच वापरत नाहीत’ अशी तक्रार येते आणि तेवढ्यात पुढचे साधन दारात उभे असते.

या कथेत दोष नेहमी शिक्षकाच्या पदरी पडतो. म्हणून शिक्षकाला काय माहीत असायला हवे होते आणि ते त्याला कोणी सांगितले होते का, हे तपासणे न्यायाचे ठरेल. या प्रश्नाचे सध्या सर्वांत प्रचलित असलेले उत्तर म्हणजे ‘टीपॅक’ नावाची चौकट. बी.एड.च्या वर्गांत, प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत आणि शिक्षणशास्त्रातील प्रबंधांत तिची तीन वर्तुळे हमखास भेटतात. या लेखात आम्ही तिची परीक्षा करणार आहोत. मात्र ती कागदावर न करता विज्ञानाच्या तीन-चार पाठांवर घासून पाहणार आहोत.

चौकटीचे मूळ ली शुलमन यांच्या १९८६ सालच्या एका विचारात आहे. विषय येणे वेगळे आणि शिकवता येणे वेगळे, असे तोवर धरले जाई. शुलमन यांनी या दोहोंच्या मध्ये एक तिसरे ज्ञान दाखवले. अपूर्णांकांचा भागाकार गणितज्ञाला येतो आणि वर्गात शिस्त कशी ठेवावी हे कोणत्याही अनुभवी शिक्षकाला कळते. परंतु अपूर्णांकांच्या भागाकारात मुले नेमकी कुठे अडखळतात, त्यांना काय चुकीचे वाटत असते आणि कोणत्या उदाहरणाने ती गाठ सुटते, हे फक्त गणित शिकवणाऱ्याला ठाऊक असते. शुलमन यांनी यालाच शिक्षकी पेशाचे खास ज्ञान मानले. आमच्या मते शिक्षकांविषयी गेल्या अर्धशतकात मांडल्या गेलेल्या कल्पनांपैकी ही सर्वांत सन्मानाची आहे.

२००६ साली मिशिगन स्टेट विद्यापीठातील पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी या दोन वर्तुळांना तंत्रज्ञानाचे तिसरे वर्तुळ जोडले. विषयाचे ज्ञान, अध्यापनाचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान अशी ही तीन वर्तुळे एकमेकांत गुंतली की सात भाग पडतात. मधोमध जो भाग उरतो तो म्हणजे टीपॅक. नुसते यंत्र शिकवून काही साधत नाही, यंत्राचे ज्ञान विषयापासून आणि विद्यार्थ्यापासून तोडता येत नाही, हे त्यांचे मुख्य म्हणणे. ते शंभर टक्के खरे आहे. वर वर्णन केलेल्या प्रशिक्षणवर्गांवर याहून नेमकी टीका दुसरी नाही.

मग खोट कुठे आहे? पहिली खोट अशी, की आकृती पाहून काहीतरी उलगडल्यासारखे वाटते, पण उद्याच्या तासाला काय करायचे हे तिच्यातून कळत नाही. सात भागांना सात नावे मिळाली, म्हणजे सात गोष्टी हाती लागल्या असे होत नाही. अमेरिकेतील आर्चम्बॉल्ट आणि बार्नेट यांनी २०१० साली शिक्षकांच्या प्रश्नावलीतून हे सात भाग वेगळे ओळखता येतात का ते तपासले. ते तसे सुटे होत नाहीत, असेच त्यांना दिसले. दुसरी खोट मोजमापाची. शिक्षकाला ‘मी माझ्या विषयाला योग्य असे तंत्रज्ञान निवडू शकतो’ असे वाक्य देऊन एक ते पाच गुण द्यायला सांगायचे आणि त्यावरून त्याचे टीपॅक ठरवायचे, ही पद्धत सर्रास चालते. उद्या आम्ही आमच्या विद्यार्थ्याला ‘तुला वर्णपटमापी वापरता येतो का’ असे विचारून त्याच्या होकारावर गुण देऊ लागलो, तर प्रयोगशाळेचे काय होईल ते सांगायला नको. हा दोष मिश्रा-कोहलर यांचा नाही. त्यांची आकृती ज्यांना स्वस्तात वापरायची होती त्यांचा आहे.

तिसरी खोट अधिक खोल आहे आणि विज्ञानाच्या शिक्षकाला तीच सर्वांत जास्त भोवते. ती पाहण्यासाठी एक पाठ घेऊ.

धाराविद्युत शिकवताना मुलांची एक समजूत जगभर आढळते: विद्युतधारा सेलमधून निघते, दिव्यात थोडी ‘खर्च’ होते आणि उरलेली परत येते. म्हणून एकसरीत जोडलेल्या दोन दिव्यांपैकी सेलजवळचा दिवा अधिक उजळेल, असे मूल सांगते. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातील विद्युत परिपथाचे आभासी प्रतिरूप या समजुतीवर चांगले काम करते. ते विनामूल्य आहे. त्यात मूल पडद्यावर तारा, सेल आणि दिवे जोडते आणि तारांमधून निळे ठिपके, म्हणजे इलेक्ट्रॉन, सरकताना दिसतात. दिव्याच्या अलीकडे आणि पलीकडे ठिपके सारख्याच वेगाने जातात. धारा खर्च होत नाही, हे डोळ्यांनी दिसते. खऱ्या तारेत हे कधीही दिसणार नाही. २००५ साली फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या तुलनेत, खऱ्या उपकरणांऐवजी या प्रतिरूपावर काम केलेले विद्यार्थी संकल्पनांच्या प्रश्नांत सरस ठरले. इतकेच नव्हे, तर नंतर खरा परिपथ जोडून तो समजावून सांगण्यातही ते पुढे होते. आमच्यासारख्या प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाला हा निष्कर्ष सहज पचत नाही, पण तो आहे.

आता त्याच प्रतिरूपाची दुसरी बाजू. त्या निळ्या ठिपक्यांचा वेग पाहून मुलाला वाटते की इलेक्ट्रॉन तारेतून असे धावतात. प्रत्यक्षात एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा वाहत असेल, तर इलेक्ट्रॉनांची सरासरी पुढची चाल सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर असते, म्हणजे तासाभरात जेमतेम पाव मीटर. तरीही कळ दाबताच दिवा लागतो, कारण तारेत इलेक्ट्रॉन आधीपासून सगळीकडे भरलेले असतात आणि त्यांना ढकलणारे विद्युतक्षेत्र जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पसरते. प्रतिरूपातील ठिपक्यांचा वेग केवळ धारेचे प्रमाण दाखवतो. ज्याला हे माहीत आहे तो शिक्षक या ठिपक्यांवरूनच एक सुंदर प्रश्न विचारू शकतो. ज्याला माहीत नाही तो एक चुकीची समजूत काढून तिच्या जागी दुसरी बसवतो, आणि ही दुसरी पहिलीपेक्षा चिवट असते, कारण ती ‘संगणकाने दाखवलेली’ असते.

दुसरे उदाहरण याहून उपयोगी आहे. पडद्यावर एका सेलला एक दिवा जोडा, मग त्याला समांतर दुसरा जोडा. पहिल्या दिव्याचा उजेड तसूभरही कमी होत नाही. आता तेच टेबलावर, थोडा वापरलेला टॉर्चचा सेल घेऊन करा. दुसरा दिवा जोडताच पहिला मंदावतो. वर्गातला एखादा चलाख मुलगा किंवा मुलगी विचारणारच, ‘सर, कोण चुकतंय, सेल का संगणक?’ दोघेही चुकत नाहीत. प्रतिरूपातील सेलचा अंतर्गत रोध मुळात शून्य धरलेला असतो. हवा तर तो वाढवता येतो. खऱ्या सेलला अंतर्गत रोध असतो आणि सेल जुना होतो तसा तो वाढतो. समजा सेल १.५ व्होल्टचा, अंतर्गत रोध १ ओहम आणि प्रत्येक दिव्याचा रोध ५ ओहम आहे. एकच दिवा असताना त्याला १.२५ व्होल्ट मिळतात. दोन समांतर जोडले की सुमारे १.०७. दिव्याचा रोध स्थिर धरला तर त्याची शक्ती जवळपास पाव हिश्श्याने घटते आणि तेवढा फरक डोळ्यांना सहज जाणवतो. (रोध स्थिर नसतो, हीही गंमतच आहे. टंगस्टनची तार थंड असताना तिचा रोध पेटलेल्या अवस्थेच्या सुमारे दहावा हिस्साच असतो. पण हे त्याच तासात काढू नये.) हा ‘कोण चुकतंय’चा क्षण म्हणजे भौतिकशास्त्राचा पाठ आहे. तो हातचा जाऊ नये, यासाठी शिक्षकाला काय यायला हवे? प्रतिरूप कसे उघडायचे ते यायला हवेच, पण ते दोन मिनिटांत येते. त्या प्रतिरूपाने काय गृहीत धरले आहे आणि काय गाळले आहे, ते कळायला हवे, आणि त्यासाठी विषय पक्का हवा.

आमची तिसरी तक्रार ती हीच. प्रत्येक शैक्षणिक साधनाच्या पोटात विज्ञानाचे एक प्रतिरूप असते. म्हणजे काही गृहीते असतात, काही सोयीच्या थापा असतात आणि काही मर्यादा असतात. टीपॅकच्या आकृतीत याला जागा आहे. तंत्रज्ञान आणि विषय यांची वर्तुळे जिथे एकमेकांवर येतात तो भाग हाच. परंतु ज्या प्रशिक्षणांना ही चौकट आधार म्हणून दिली जाते, त्यांत नेमका हाच भाग वगळला जातो. कारण उघड आहे. कळा दाबायला शिकवणारा प्रशिक्षक सर्व विषयांच्या शिक्षकांना एकाच सभागृहात बसवून शिकवू शकतो. गृहीते शिकवायची तर विज्ञानाचे शिक्षक वेगळे बसवावे लागतात, त्यांतही धाराविद्युत वेगळे आणि ऋतू वेगळे घ्यावे लागतात, आणि शिकवणाऱ्याला विषय यावा लागतो. महाराष्ट्रात शासकीय कर्मचाऱ्यांबरोबर शिक्षकांनाही संगणक-अर्हता सक्तीची झाली आणि असंख्य शिक्षकांनी एमएस-सीआयटीची परीक्षा दिली. संगणकाची भीती जाण्यासाठी तिचा उपयोग झाला, हे मान्य करायला हवे. पण भूगोल शिकवणाऱ्याला आणि रसायन शिकवणाऱ्याला जी एकच परीक्षा चालते, ती फार तर एकाच वर्तुळाची परीक्षा असते.

ऋतूंचा पाठ पाहू. १९८७ साली अमेरिकेत ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ नावाची एक छोटी चित्रफीत तयार झाली. तिच्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात भेटलेल्या २३ विद्यार्थी, प्राध्यापक आणि माजी विद्यार्थ्यांना ऋतू कशामुळे होतात किंवा चंद्रकला कशामुळे दिसतात, असे विचारले आहे. त्यांपैकी २१ जणांच्या उत्तरांत चुकीच्या समजुती निघाल्या. पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा, ही त्यांतली ठळक समजूत. ही समजूत पोसण्यात आकृत्यांचा आणि चलच्चित्रांचा वाटा मोठा असावा, असे आम्हांला वाटते. पृथ्वीची कक्षा तिरक्या कोनातून दाखवली की ती लांबट अंडाकृती दिसते. खरी कक्षा जवळजवळ वर्तुळ आहे. कागदावर १५ सेंटिमीटर व्यासाची काढली, तर तिची लांबी आणि रुंदी यांत फरक पडेल तो सुमारे ०.०२ मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीत बुडून जाईल इतका. शिवाय पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा निफाडची द्राक्षे थंडीने कुडकुडत असतात.

आपल्या वर्गात याहून मोठी अडचण आहे आणि तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. ऋतूंची बहुतेक चलच्चित्रे मध्यम अक्षवृत्तांवरील देशांसाठी बनलेली असतात. त्यांत चार ऋतू असतात. २१ जूनला कडक उन्हाळा आणि २१ डिसेंबरला बर्फ. आवाज मराठीत भरला म्हणून ते चलच्चित्र मराठी होत नाही. २१ जूनला आपल्याकडे खिडकीबाहेर बहुधा पावसाचे ढग असतात आणि उन्हाचा कडाका महिनाभर आधीच, मे महिन्यात, होऊन गेलेला असतो. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा आपल्या डोक्यावर येतो. पुण्याला साधारण मेच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. त्या दिवशी दुपारी उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. जुलैतला दिवस बहुधा ढगांत जातो. मुलाने चलच्चित्र नीट पाहिले आणि खिडकीबाहेरही नीट पाहिले, तर त्याला दोन्ही जुळणार नाहीत. अशा वेळी हुशार मूल काय करते? पडद्यावरचे परीक्षेसाठी आणि खिडकीबाहेरचे घरासाठी, अशी विभागणी करून टाकते. विज्ञान शिक्षणातला हा सर्वांत मोठा तोटा आहे आणि तो कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

याच पाठासाठी ‘स्टेलॅरियम’ हे मुक्त सॉफ्टवेअर घेतले तर चित्र बदलते. त्यात आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घालावेत, वेळ सूर्योदयाची ठेवावी आणि एकेक दिवस पुढे सरकवत जावे. क्षितिजावर सूर्याचे उगवण्याचे ठिकाण उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे झुलताना दिसते. मुले शाळेच्या अंगणातून ज्या टेकडीमागून किंवा टाकीमागून सूर्य उगवताना पाहतात, तिथे खुणा करून ते पडताळता येते. डिसेंबर आणि एप्रिल या दोन महिन्यांच्या खुणा केल्या तरी पुरे. हे सॉफ्टवेअर काही ऋतू ‘शिकवत’ नाही. ते मुलाच्या स्वतःच्या क्षितिजाविषयी भाकित करते आणि मूल ते तपासते. चलच्चित्र आणि हे साधन दोन्ही पडद्यावरच दिसतात, दोघांनाही ‘तंत्रज्ञान’ म्हणतात, पण वर्गात ती दोन टोके आहेत. तीन वर्तुळांच्या आकृतीत हा फरक दाखवायला जागा नाही.

‘समजावून सांगणारा’ व्हिडिओ हा आज सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार आहे. त्याच्यावर डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात केलेले काम शिक्षकांना ठाऊक असावे. २००८ साली पूर्ण झालेल्या आपल्या प्रबंधात त्यांनी विद्यार्थ्यांना गतीच्या नियमांवरील दोन तऱ्हांचे व्हिडिओ दाखवले. एकात स्वच्छ, सुबोध निरूपण होते. दुसऱ्यात मुलांच्या नेहमीच्या चुकीच्या समजुती एका पात्राच्या तोंडी घालून त्यांची चर्चा केली होती. पहिला विद्यार्थ्यांना सोपा वाटला. चाचणीत मात्र त्यांची प्रगती अगदी थोडी झाली, आत्मविश्वास तेवढा वाढला. दुसरा त्यांना गोंधळात टाकणारा वाटला, पण शिकणे त्याच्यातूनच अधिक झाले. ‘कळले का रे?’ या प्रश्नाला ‘हो’ असा एकमुखी होकार येतो, तेव्हा काय घडलेले असते याचा हा उलगडा आहे. मुले खोटे बोलत नसतात. जे आधीच ठाऊक आहे तेच ऐकले असे त्यांना खरोखर वाटत असते. व्हिडिओ वापरू नये, असा याचा अर्थ नाही. तो लावण्यापूर्वी वर्गाला भाकित करायला लावावे आणि उत्तर येण्याआधी तो थांबवावा. थांबवायची जागा कोणती, हे मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही. शुलमन यांनी सांगितलेले ज्ञान ज्याच्याजवळ आहे त्यालाच ती सापडते.

कधी कधी तंत्रज्ञान लागतच नाही, हेही म्हणायला हवे. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी १९९१ पासून वापरात आणलेल्या पद्धतीत वर्गाला एक बहुपर्यायी प्रश्न देतात. प्रत्येकाने उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे. यासाठी पुढे हातात धरायची बटणयंत्रे निघाली. नॅथॅनिएल लास्री यांनी २००८ साली बटणयंत्रे आणि साधी अक्षरे लिहिलेली कार्डे यांची तुलना केली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या शिकण्यात फरक आढळला नाही. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची चार कार्डे प्रत्येक मुलाला करायला सांगितली की काम झाले.

आणि कधी तंत्रज्ञानाला पर्यायच नसतो. मुक्त पतनाचा पाठ घ्या. १२० सेंटिमीटर उंचीवरून सोडलेली गोटी सुमारे अर्ध्या सेकंदात खाली येते. हातातले स्टॉपवॉच घेऊन हे मोजायला गेलो तर माणसाच्या प्रतिक्रियेलाच ०.२ सेकंद लागतात. त्यामुळे शाळेत हा प्रयोग होत नाही, सूत्र फळ्यावर येते आणि उदाहरणे सुटतात. जर्मनीतील आखेन विद्यापीठाने २०१६ साली ‘फायफॉक्स’ हे विनामूल्य अ‍ॅप काढले. त्यात आवाजावर चालणारे घड्याळ आहे. पहिल्या आवाजाला ते सुरू होते, दुसऱ्याला थांबते. टेबलाच्या कडेबाहेर पट्टी काढून तिच्यावर गोटी ठेवायची, दुसऱ्या काठीने पट्टीवर आडवा फटका मारायचा आणि खाली स्टीलचे ताट ठेवायचे. फटका हा पहिला आवाज, ताटाचा खणकन आवाज हा दुसरा. ३० सेंटिमीटरवरून साधारण पाव सेकंद आणि १२० सेंटिमीटरवरून अर्धा. उंची चौपट केली तर वेळ दुप्पट झाला. गॅलिलिओचा नियम एका जुन्या फोनमधून आणि जेवणाच्या ताटातून निघाला, आणि तो मुलांनी काढला.

हे कागदावर जितके सरळ दिसते तितके वर्गात होत नाही, आणि शिक्षकाचे ज्ञान लागते ते तिथेच. पत्र्याच्या छपराखाली फटक्याचा प्रतिध्वनी घड्याळाला थांबवतो. म्हणून अ‍ॅपमधला किमान विलंब ०.१ सेकंद ठेवावा, म्हणजे तेवढ्या वेळात आलेला दुसरा आवाज ते मानत नाही. वर्गाचा गोंगाट उंबरठ्यापेक्षा मोठा असेल तर घड्याळ आपोआप सुरू होते. म्हणून उंबरठा चढवावा, पण इतकाही नव्हे की ताटाचा आवाज हुकेल. फोन ताटाजवळ ठेवावा का टेबलाजवळ? आवाजाला एक मीटर जायला सुमारे ०.००३ सेकंद लागतात, तेव्हा या प्रयोगात फारसे बिघडत नाही. पण हा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. पडद्यावर ०.४८७ असे तीन अंक दिसतात आणि मुले ते तिन्ही भक्तिभावाने उतरवून घेतात. तोच प्रयोग पाच वेळा केला की तिसरा अंक दर वेळी बदलतो आणि कधी दुसराही. अचूकता यंत्राच्या अंकांवरून ठरत नाही, तर मापनांच्या विखुरण्यावरून ठरते, ही गोष्ट आमच्याकडे संशोधनाला येणाऱ्या पदवीधरांनाही नव्याने सांगावी लागते. आठवीतल्या मुलाला ती ताट-गोटीतून कळू शकते. उंबरठा, विलंब, विखुरणे यांना साधनाचे ज्ञान म्हणावे की भौतिकशास्त्राचे? इथे वर्तुळे वेगळी काढताच येत नाहीत.

महाराष्ट्रातले एक उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. राज्याने पुढे पाठ्यपुस्तकांत असे कोड आणले. पण त्या पुरस्काराच्या वेळी सांगितले गेलेले दुसरे काम आठवावे. गावातील मुलींची घरची भाषा कन्नड होती, म्हणून डिसले कन्नड शिकले आणि पाठ्यपुस्तके त्यांनी मुलांच्या भाषेत उतरवली. कोड हे त्या कामाचे टोक होते, आणि राज्यभर जे सहज पसरू शकले ते टोकच. मिश्रा यांनी २०१९ साली आपल्या आकृतीत सुधारणा करून परिस्थितीच्या ज्ञानाला स्वतंत्र स्थान दिले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. साठ मुलांचा वर्ग, एक फोन, जाणारी-येणारी वीज आणि घरची निराळी भाषा, हे सगळे त्या ज्ञानात येते. परंतु आकृतीच्या कडेला आणखी एक नाव लिहिल्याने प्रशिक्षणाचा साचा बदलत नाही.

साचा बदलायचा तर काम लहान घ्यावे लागेल. केंद्र पातळीवर शिक्षण परिषद भरते, तेव्हा विज्ञानाच्या चार-पाच शिक्षकांनी एकच पाठ आणि एकच साधन घेऊन बसावे. साधन कसे चालते हे न विचारता आधी त्या पाठात आपली मुले काय चुकीचे सांगतात ते लिहून काढावे. मग साधन लावावे आणि त्याने काय दाखवले, काय लपवले, कुठे आपल्या गावाशी जुळले नाही, याची यादी करावी. शेवटी वर्गाला विचारायचा एकच प्रश्न लिहावा, असा की ज्याचे उत्तर मुलांनी आधी द्यावे आणि साधनाने नंतर. पुढच्या वेळी मुलांनी खरोखर काय उत्तरे दिली, ती घेऊन यावीत. उपस्थितीपत्रकाऐवजी हा एक कागद मागितला गेला, तर प्रशिक्षण झाले की नाही हे वरच्या कार्यालयालाही कळेल.

पहिल्या बैठकीला धाराविद्युत सोयीचे पडेल. दोन छोटे दिवे, एक नवा सेल, एक वापरलेला सेल, तारेचे तुकडे आणि कोणाचा तरी एक फोन, एवढे सामान पुरे. जुना सेल आठवणीने आणावा. नव्यावर फरक स्पष्ट दिसत नाही.